सेम टू सेम, पण वेगळं

भावा, तुला सिनेमाला संगीत द्यायचंय म्हणे. उत्तम. आधी कार्ड छापून घे. नावाखाली 'संगीतकार, अरेंजर, प्रोग्रामर, गायक' एवढं आलंच पाहिजे, आणि कोपऱ्यात सोनेरी वीणा. गाणं अजून एकही झालं नसलं तरी बिघडत नाही. कार्ड कुणी वाजवून बघत नाही.

शिक्षणाचं फार मनावर घेऊ नकोस. घरातलं कुणीतरी आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबचं नाव काढेल. 1883 पासूनची गाण्याची संस्था, जा, नुसता बस, कान तयार होतील, असं म्हणेल. शाहू महाराजांनी ज्या गावात अल्लादियाँ खाँसाहेबांसारख्या गवयाला आश्रय दिला, त्या गावात असल्या सूचना व्हायच्याच. पण तेव्हाची माणसं एकेका रागापायी वर्षं घालवायची, तुला सोमवारी फाईल द्यायचीय. शाळेत असताना गांधर्वची 'प्रवेशिका पूर्ण' ही गाण्याची सुरुवातीची परीक्षा दिलीस ना? बास झालं. विशारद झालास तर लोक सिनेमा देणार नाहीत, आमच्या पोरीला पेटी शिकवाल का म्हणून विचारतील.

त्यापेक्षा राजारामपुरीत एक खोली बघ आणि भिंतींना काळा स्पंज चिकटव. सॉफ्टवेअर क्रॅक केलेलंच टाक. पुढं कॉपीराइटवर तळमळीनं बोलायची वेळ येईल, ते याच लॅपटॉपसमोर बसून बोलायचंय. एक गोष्ट मात्र खरंच शिकून घे, अख्ख्या लेखात एवढीच खरी सांगतोय. सिनेमाला आवाज 48 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुने घेतलेला लागतो, सीडीसारखा 44.1 वर नाही. 44.1 ची फाईल 48 समजून वाजवली, की पेटीच्या पांढरी एकमध्ये गाणारी बाई शेजारच्या, अर्धा सूर वरच्या काळी एकच्याही वर जाते आणि हिरॉईनचे ओठ मिटायच्या आत ओळ संपते.

आता थोडा इतिहास, मुलाखतीत फेकायला. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी निघाली ती आपल्या कोल्हापुरात. वसंत देसाई सुरुवातीपासून तिथं होते. 1930 च्या एका मूकपटात त्यांनी कामही केलं, आणि 'अयोध्येचा राजा'त गायलेही. संगीतकार पुढं झाले. म्हणजे पडेल ते काम करत, कंपनीतच राहून शिकायचं, अशी ती मागासलेली पद्धत. हल्ली तसं नाही. हल्ली तू थेट संगीतकार होतोस आणि पडेल ते काम नंतर करतोस.

आणि त्या 'अयोध्येचा राजा'चं, म्हणजे 1932 च्या आपल्या पहिल्या मराठी बोलपटाचं, संगीत कुणाचं? गोविंदराव टेंब्यांचं. पडद्यावर राजा हरिश्चंद्र कोण? तेही टेंबेच. होतं नव्हतं ते देऊन टाकायचं, वर दक्षिणा राहिली म्हणून स्मशानात राबायचं, हा रोल मराठी सिनेसंगीतकाराला पहिल्या बोलपटापासून पाठ आहे. पुढं 1933 ला प्रभात पुण्याला गेली, त्या जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि आपल्याकडं प्रभातच्या आठवणी आहेत. त्या मिसळीबरोबर चांगल्या लागतात.

बरं, काम मिळालं. कुणाचा तरी असिस्टंट म्हणून बॅकग्राउंड तू करशील आणि टायटलला नाव दुसऱ्याचं येईल. वाईट वाटून घेऊ नकोस. लताबाईंनीही भालजी पेंढारकरांच्या सिनेमांना 'आनंदघन' या नावानं संगीत दिलं. फरक एवढाच, की त्यांनी आपलं नाव आपण लपवलं होतं.

पहिला स्वतंत्र सिनेमा आला, की टेम्प ट्रॅकच्या पाया पड. एडिटरनं रफ कटखाली कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं संगीत टाकलेलं असतं आणि दिग्दर्शक तीन महिने तेच ऐकून त्याच्या प्रेमात पडलेला असतो. माझ्या वाट्याला आलेला सीन ऊसतोडीचा होता. फडात बाईला कळा सुटल्यात, आणि खाली पन्नास चेलो, बर्फाळ डोंगरातून घोडेस्वार निघाल्यासारखे. दिग्दर्शक म्हणाला, "सेम टू सेम पाहिजे सर, पण वेगळं."

तेव्हा मी एक चूक केली, ती तू करू नकोस. मी खरा हलगीवाला बोलावला. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठीपुढं वाजवणारा. आल्या आल्या त्यानं विचारलं, "जाळ कुठं करू?" गच्चीवर रद्दी पेटवून त्यानं हलगी शेकली, बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कानाशी नेली, परत शेकली. खाली एसीत ती दहा मिनिटांत उतरायची, की हा परत गच्चीवर. शेवटी कानात क्लिक दिला, मिनिटाला 110 टकटकींचा. चार आवर्तनांत गडी पुढं. पुन्हा घेतलं, पुन्हा पुढं. तिसऱ्या टेकला हेडफोन काढून म्हणाला, "दादा, ह्या घड्याळाला जरा माझ्याबरोबर चालायला सांगा की."

मी त्याला पैसे दिले (माझ्या खिशातून, ही दुसरी चूक) आणि रात्रभर बसून त्याचा एकेक ठोका कॉम्प्युटरवर ओढून क्लिकच्या ग्रिडवर, म्हणजे आखलेल्या रेघांवर बसवला. सकाळी वाजवून बघितलं, तर सगळं मापात आणि सगळं मेलेलं. मग सँपल पॅकमधला एक ढोल उचलला, फाईलचं नाव 'ट्रायबल ड्रम 07', देश कुठला ते लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शकानं डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "हां. आता मातीतलं वाटतंय."

पैशांचं बोलायला लाजू नकोस, कारण बोलून काही होत नाही. 'पॅकेज' नावाचा प्रकार असतो. गाणी, बॅकग्राउंड, गायक, वादक, स्टुडिओ, चहा, सगळं एका आकड्यात, उरेल ते तुझं. मी वही ठेवली होती, त्या सिनेमात उरलं ते चहाचं बिल. कायद्याचंही वाचून ठेव. 2012 च्या दुरुस्तीनं, सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडून गाणं दुसरीकडं कुठंही वापरलं, तर संगीतकाराला आणि गीतकाराला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा आहे, आणि तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून कुणाला लिहून देता येत नाही. हे निर्मात्याला ऐकव. तो मनापासून ऐकतो. वर विचारतो, "तुम्ही वकिली का नाही केली?"

माझ्या निर्मात्यानं निम्मे पैसे आधी दिले. उरलेले अनुदान आलं की. सिनेमा लागला, गेला, टीव्हीवरही दोनदा येऊन गेला. अनुदान वाटेतच. परवा त्यांचा फोन आला, आवाज एकदम गोड. हिंदी डबिंग चाललंय, तेवढे सगळे स्टेम्स, म्हणजे वाद्यांचे सुटे ट्रॅक पाठवून द्या, हलगी वेगळी, चेलो वेगळे, आजच पाहिजेत. आणि पैसे? "अहो, घरचंच आहे की."

घरचंच म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं. रात्री जागून एकूण एक ट्रॅक काढले, नावं नीट दिली आणि पाठवून दिले. 44.1 वर.