तीन दिवसांच्या पिल्लाला दुखत नाही म्हणे!

वावरात जागलीचे दिवस आले, रानडुकरं अन् रोही (नीलगायी) पिकात शिरू लागले, की मोबाइलवर तोच मेसेज फिरतो: “कुत्र्याचं पिल्लू तीन-चार दिवसांचं असतानाच शेपूट आणि पायाचं वरचं नख काढून टाका. त्या वयात दुखत नाही. दोरा आवळून बांधला की रक्त येत नाही, आपोआप गळून पडतं. लांडा कुत्रा तापट निघतो, काट्यात अडकत नाही, त्याला अळ्या पडत नाहीत, तो पिसाळत नाही.” खाली ताठ कानांच्या डॉबरमनचा फोटो.

यात एक गोष्ट अर्धी खरी आहे. ती नखांची, तिच्याकडे नंतर येऊ.

“दुखत नाही” हे आधी घेतो, कारण बाकी सगळं याच्याच जोरावर खपतं. सांगणारा सांगतो की नवजात पिल्लाच्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढलेलं नसतं, म्हणून दुखणं मेंदूपर्यंत जात नाही. पण ठणकणारं दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंवर ते वेष्टन मोठ्या कुत्र्यातही नसतं अन् माणसातही नसतं. आपली दाढ ठणकते ती त्याच वाटेने. उलट, मेंदूकडून खाली येऊन दुखणं दाबणारी व्यवस्था जन्मानंतर हळूहळू तयार होते. म्हणजे तीन दिवसांच्या पिल्लाकडे दुखण्याची सोय पुरी आहे, सोसण्याचीच अपुरी.

ऑस्ट्रेलियात १९९६ साली डॉबरमन, रॉटवायलर आणि बूव्हिए जातींच्या ५० पिल्लांचं शेपूट कापताना निरीक्षण नोंदवलं गेलं. एकूण एक पिल्लू किंचाळलं. सरासरी दोन-तीन मिनिटांत ती शांत झाली, आणि मेसेजवाले नेमकं एवढंच उचलतात: “बघा, लगेच दूध प्यायला लागलं.” डोळे मिटलेलं, कान न उघडलेलं पिल्लू आईच्या सडाला लागणार नाही तर काय करणार? त्या वयात त्याला दुसरा आधार कोणता?

आणि कापलं काय जातं तेही बघा. शेपूट म्हणजे नुसता केसांचा गोंडा नव्हे. तो पाठीचा कणाच पुढे गेलेला आहे. साधारण वीसेक मणके, त्यांना जोडणारे स्नायू, कंडरा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या जोड्या. तुटलेल्या तंतूच्या टोकाशी कधी कधी गाठ धरते. मग मोठेपणी तो कुत्रा बुडखा चावत बसतो, तिथे हात लावू देत नाही, आणि घरचे म्हणतात “तापट आहे”.

आता दोरा. रक्त दिसत नाही म्हणून हा प्रकार सौम्य वाटतो, प्रत्यक्षात तो जास्त वाईट. दोऱ्याने किंवा रबराने रक्तपुरवठा तुटतो, पुढचा भाग गार पडतो, मग काळा पडतो आणि गळेपर्यंत काही दिवस सडत राहतो. मेलेल्या आणि जित्या मांसाच्या सीमेवर एक ओलसर खाच तयार होते. आई ती चाटते, चावते. वास सुटतो. त्या वासावर निळी-हिरवी माशी येते, खाचेच्या काठाशी अंडी घालते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात. तेव्हा “शेपूट कापलं की अळ्या पडत नाहीत” हे वाक्य बरोबर उलटं वाचायचं. अळ्या जखमेला पडतात, शेपटीला नाही. माशी हाकलायचं साधन कापून, माशीला बसायला जागा करून द्यायची, असा हा उपाय आहे.

ब्लेड, विळा किंवा अडकित्ता वापरणाऱ्यांसाठी एक हिशोब. कुत्र्याच्या शरीरात दर किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं. तीनशे ग्रॅमच्या पिल्लात म्हणजे साधारण २५ मिली, चहाचे पाच चमचे. त्यातला एक चमचा गोणपाटावर सांडला तर पाचवा हिस्सा गेला. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही; रक्त गेलेलं पिल्लू गार पडतं, गार पडलेलं पिल्लू दूध ओढत नाही. सकाळी ते मेलेलं सापडतं आणि दोष “आईने अंगाखाली घेतलं” असा त्या मुक्या आईवर जातो. वर हळद, राख, चुना भरला जातो. राख निर्जंतुक नसते, चुना भाजतो. जखम सडली तर पू मणक्यांच्या वाटेने वर चढू शकतो.

“काट्यात अडकत नाही.” यात तथ्याचा अंश आहे, म्हणून आकडे देतो. ब्रिटनमध्ये २०१० साली सुमारे १ लाख ३८ हजार कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा शेपटीच्या जखमांचं प्रमाण ०.२३ टक्के निघालं. एक जखम टाळायला सुमारे ५०० पिल्लांची शेपटं कापावी लागतील, असा त्याचा हिशोब. दुसरी बाजूही आहे. स्कॉटलंडमध्ये झुडपांत घुसून शिकार उठवणाऱ्या, शेपूट न कापलेल्या स्पॅनियल कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त एका हंगामात शेपटीला जखमी झाले होते. म्हणून २०१७ साली तिथे अशा ठरावीक कामकरी कुत्र्यांपुरती सवलत दिली गेली: पिल्लू पाच दिवसांच्या आत, शेपटीचा फक्त टोकाकडचा तिसरा भाग, आणि तोही पशुवैद्याच्याच हातून. आपला जागलीचा कुत्रा मचाणाखाली बसतो, चाहूल लागली की भुंकतो, धुऱ्यापर्यंत धावतो. दिवसभर घाणेरीच्या झुडपांत शेपूट झोडपत हिंडणं हे त्याचं काम नाही, आणि शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. डुकराचा सुळा लागतो तो पोटाला नाहीतर मांडीला. तेवढ्याच न्यायाने चालायचं तर आधी मांडी कापावी लागेल.

“तापट निघतो.” स्वभाव येतो आईबापाकडून आणि तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लाने काय पाहिलं, कुणाचे हात लागले, यावरून. शेपूट नसलेल्या कुत्र्याचं इतकंच होतं की त्याचं म्हणणं समोरच्याला नीट कळत नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. बुडख्यात उजवं-डावं काय दिसणार? ज्या जर्मनीतून डॉबरमन आला, तिथे १९९८ पासून शेपूट कापायला बंदी आहे. आपण मात्र फोटो जुनाच फिरवतोय.

बाजारात “लांडा म्हणजे अस्सल जातीचा” असंही खपवतात. ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. प्रत्येक पिल्लू पूर्ण शेपटी घेऊनच जन्मलं. जन्मजात बांडी कुत्री असतात, पण तो जनुकाचा भाग, ब्लेडचा नव्हे.

पिसाळण्याचं थोडक्यात: रॅबीजचा विषाणू लाळेतून, चाव्यातून येतो आणि नसांमधून मेंदूकडे जातो. शेपूट कापून पिसाळणं टळतं हा समज दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लेखक कोलुमेल्लाच्या लिखाणातही आहे, म्हणजे जुना आहे, खरा नाही. तिसऱ्या महिन्यात लस, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा.

आता नखं. कुत्र्याला साधारण अठरा नखं असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पुढचं वरचं नख म्हणजे त्याचा अंगठा. त्याला हाड आहे, सांधा आहे, स्नायूंच्या कंडरा जोडलेल्या आहेत. हाडूक धरताना तो वापरतो. भरधाव वळताना पुढचा पाय वाकून मनगट जमिनीला टेकतं तेव्हा हाच अंगठा रुततो आणि पाय पिळवटू देत नाही. जागलीच्या कुत्र्याचं हे नख काढणं म्हणजे धावणाऱ्याचाच अंगठा काढणं.

मागच्या पायाला असं जास्तीचं नख असलं तर गोष्ट वेगळी. (वीस नखांचा कुत्रा शूर म्हणून दुप्पट पैसे मोजणारेही आहेत, नख काढणारे आणि हे, दोघांनी आधी आपसात ठरवावं.) ते बहुधा नुसतं चामडीला लोंबतं. दोन बोटांत धरून हलवा: आत हाड न लागता चामडीसकट डुलत असेल आणि वारंवार अडकून फाटत असेल, तर पशुवैद्य भूल देऊन ते काढतात, नसबंदीच्या वेळी एकाच भुलीत उरकतं. मेसेजमधलं अर्धं खरं ते एवढंच. न फाटणाऱ्याला हात लावायची गरज नाही.

वरचं नख जमिनीला घासत नाही, म्हणून झिजत नाही. वाढून गोल वळतं आणि शेवटी मांसात घुसतं. तीन-चार आठवड्यांनी छाटायचं. काळं नख असेल तर एकदम न तोडता ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे काढत जा. कापलेल्या तोंडाशी मधोमध ओलसर काळा ठिपका दिसला की थांबा, त्याच्या मागे रक्ताची नस आहे. नस कापलीच तर तुरटीची पूड लावून पाच मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका.

कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे, कुत्रं स्वतःचं असलं तरी. पहिल्या वेळेचा दंड ५० रुपयांपर्यंत, ज्याला कुणी भीत नाही. पिल्लं विकणाऱ्यांसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. त्यांत शेपूट-कान कापायला मनाई आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताही येत नाही.

मेसेज वाचून कुणी दोरा आजच बांधला असेल, तर बोथट टोकाच्या कात्रीने तो लगेच कापा. पुढचा भाग अजून ऊबदार असेल तर शेपूट वाचू शकतं. काळा, गार पडला असेल तर ओढू नका. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चमचा मीठ टाकून त्याने धुवा, पिल्लू आईजवळ उबेत ठेवा आणि १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा ढोरांच्या दवाखान्यात न्या. फिनेल, रॉकेल, डांबर लावू नका. माणसाची पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक देऊ नका. गोठ्यात ठेवलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन तर मुळीच नको: ढोरांच्या त्या बाटलीत एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं, आणि एवढ्याशा पिल्लाला थेंबाची चूकही जिवावर बेतते.