भात फळ्यावर, रेशन कुठे?

"पोस्टरं लावून कोणाचं पोट भरलंय रे?" पातळ भाजीत पाव बुडवता बुडवता बाबलोने विषय निकालात काढला. फोंड्याला दादा वैद्य चौकाजवळच्या गाड्यावर आमचे बहुतेक वाद असेच सुरू होतात.

विषय उल्हासच्या भाचीचा. पोरगी अकरावीत. 16 ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन, म्हणून तिच्या गटाला 'जगातली भूक' हा प्रकल्प मिळालाय. कँटीनमध्ये ताटांत टाकलेला भात आठवडाभर तोलायचा आणि रोजचा आकडा फळ्यावर लिहायचा, असं पोरींनी ठरवलंय.

उल्हास खूश. भाचीचे आकडे त्याचेही पाठ झालेत. "2022 साली जगात 105 कोटी टन अन्न फुकट गेलं, त्यातलं 60 टक्के घराघरांतून. आणि 2024 मध्ये उपाशी 67 कोटी माणसं!"

"म्हणजे मी भात टाकला नाही, तर तो सुदानला पोचणार?"

इथे मी बाबलोच्या बाजूने. सुदानातल्या दारफुरच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत 2024 च्या ऑगस्टमध्ये दुष्काळ जाहीर झाला, तो लढाईने रसद अडवली म्हणून. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेनांनी हेच मांडलं: तांदूळ होता, मजुराला तो परवडत नव्हता. फळ्यावरच्या किलोंत हे कुठून दिसणार?

दया इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "सुदान राहू दे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या गोव्यात पाच वर्षांखालचं चारातलं एक मूल वाढ खुंटलेलं निघालंय."

"गोव्यात? काहीतरीच."

"वाचून बघ."

"मग ती बांधकामावरच्या लोकांची असतील," उल्हास म्हणाला. (हे वाक्य गोव्यात कुठल्याही विषयावर ऐकायला मिळतं.)

दया भडकलीच. "सगळी त्यांचीच, हे तुला कोणी सांगितलं? आणि असली तरी मुलंच ना ती? रेशन कार्ड कर्नाटकातलं असलं तरी माणशी पाच किलो धान्य इथल्या दुकानात मिळायला हवं. एक देश, एक रेशन कार्ड ते त्यासाठीच. मिळतं की नाही, ते बांधकामावरच्या बायकांना विचारून या म्हणावं पोरींना. भात तोलण्यापेक्षा बरं!"

"आणि दुकानदार अंगावर आला तर?"

"तेही लिहायचं."

उल्हासचं म्हणणं, असल्या लिहिण्याला गुण मिळत नाहीत, बाईंना तक्ता लागतो. खरं असेल. पण मग त्याला जागृती कशाला म्हणायचं? चित्रकला म्हणा. दयाने सांगितलेलं काम दोन दुपारींत उरकेल, फक्त कोणाला तरी तोंड उघडून विचारावं लागेल.

शेवटी उल्हासने भाचीला फोन लावला, स्पीकरवर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जातो मामा, पण रेशनचं दुकान उघडं कधी असतं?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. "थांब गो," बाबलो म्हणाला, "आमच्या कामवालीला विचारून सांगतो."