आधी तो बार झाका

बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धा लाइव्ह बघणाऱ्या सगळ्यांना एक मनापासूनची विनंती. पडद्याच्या कडेला काळी-पांढरी उभी पट्टी वरखाली होत असते ना, तो इव्हॅल्युएशन बार, म्हणजे पांढरा वरचढ की काळा याचा संगणकाच्या इंजिननं लावलेला हिशेब, तो झाका. लिचेस या संकेतस्थळावर बघत असाल तर इंजिन बंद करायची सोय आहे. यूट्यूबवर पट्टी चित्रातच असते, म्हणून तिथे मी फक्त आवाज ऐकते आणि डाव समोर लाकडी पटावर मांडत जाते. एक अख्खी फेरी अशी बघा.

हे इतक्या कळकळीनं लिहितेय कारण त्या पट्टीनं आपल्याला उद्धट केलंय.

१२ डिसेंबर २०२४ आठवा. सिंगापूर, सेंटोसा. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन आणि आव्हानवीर गुकेश साडेसहा-साडेसहा गुणांवर. पांढरी मोहरी डिंगकडे. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव होणार होते आणि तिथे डिंगचं पारडं जड, असं बरेच जाणकार म्हणत होते. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त. ५५व्या खेळीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणला. पट्टी क्षणात काळी झाली आणि लोक सुटले. एवढं साधं दिसलं नाही? हा कसला जगज्जेता?

मला विचारायचंय, पट्टी नसती तर तुम्हाला दिसलं असतं? खुद्द गुकेशला लगेच दिसलं नव्हतं. तो दुसरीच खेळी करायच्या बेतात होता, हे त्यानंच डावानंतर पत्रकारांना सांगितलं.

ती चूक नेमकी काय होती ते बघा, कारण ती समजून घेण्यातच सगळी मजा आहे. डिंगचा उंट ए८ वर, म्हणजे पटाच्या कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण मिळतो. हत्तींची मारामारी झाली आणि गुकेशनं आपला उंट त्याच कर्णावर, डी५ वर आणून ठेवला, मागे राजाचा जोर. आता डिंगच्या उंटाला निसटायला वाटच नाही. उंटही गेले की पटावर उरतात फक्त राजे आणि प्यादी, आणि मग ते एक जास्तीचं प्यादं डाव जिंकून देतं. हाच उंट कोपऱ्याबाहेर मोकळा असता तर हत्ती मारून घेणं ही अगदी शहाणपणाची खेळी ठरली असती. म्हणजे डिंगचा विचार मूर्खपणाचा नव्हता. तो सगळा डाव मोहरी कमी करत बरोबरीकडे निघाला होता. अडीच आठवडे, चौदा डाव, प्रत्येक डावाचं ओझं. हत्ती गेले की बरोबरी आणखी जवळ, ही ओढ मला त्या खेळीत दिसते. पट्टीत ती कुठे दिसणार? ती सांगायला माणूसच लागतो, आणि तोही त्या खुर्चीत बसून आलेला.

म्हणूनच मला ग्रँडमास्टरांचं समालोचन इतकं प्रिय आहे. पीटर लेकोचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ब्रिसागोला तेव्हाचा जगज्जेता क्रॅमनिकशी त्याची किताबासाठी चौदा डावांचीच लढत होती. शेवटच्या डावाआधी लेको एका गुणानं पुढे होता, नुसती बरोबरी पुरेशी होती. तो डाव क्रॅमनिकनं जिंकला, लढत सात-सात झाली आणि किताब क्रॅमनिककडेच राहिला. हा माणूस जेव्हा माइकवर म्हणतो की इथे बचाव करणं फार कठीण आहे, तेव्हा ते आतून आलेलं असतं. तो खेळाडूंच्या बाजूनं घाबरतो, त्यांच्यासाठी वाटा शोधतो, एक वाट बुजली की दुसरी. त्याला ऐकताना मला बुद्धिबळ जेवढं कळलं तेवढं पुस्तकांतून कळलं नाही.

पीटर स्विडलरची तऱ्हा वेगळी. आठ वेळा रशियाचा विजेता, क्रिकेटचा जबरदस्त चाहता. शांतपणे बोलतो, मध्येच थांबतो, आपलंच म्हणणं खोडतो. ते खोडणंच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एवढा मोठा खेळाडू एखादी खेळी सुचवतो आणि पुढच्याच वाक्यात ती का चालणार नाही हे स्वतःच दाखवतो. विचार कसा चालतो हे एरवी कोण कुणाला दाखवतं?

आणि डॅनियल नरोदित्स्की. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो गेला, अवघ्या २९ वर्षांचा होता. ब्लिट्झच्या, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात दोन्ही घड्याळं सेकंदांवर आलेली असताना तो जे घडतंय ते समजावूनही सांगायचा आणि पुढे काय येईल तेही. शिकवण्याचे त्याचे व्हिडिओ आजही लावते. नवशिक्याचा प्रश्न त्यानं कधी क्षुल्लक मानला नाही. अजून त्याचा आवाज लावला की गलबलून येतं.

जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी २०२४ ची कँडिडेट्स स्पर्धा टोरंटोत होती. फेरी सुरू व्हायची आपल्याकडच्या मध्यरात्री बारा वाजता. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या प्रक्षेपणात समालोचनाला विश्वनाथन आनंद आणि इरिना क्रश. पाच वेळचा जगज्जेता शेजारी बसून बोलावा तसा बोलतोय, यासाठी झोप गेली तर गेली. आनंदनं स्वतः चेन्नईत २०१३ मध्ये कार्लसनविरुद्ध नवव्या डावात घोडा एफ१ वर नेला आणि डाव तिथेच संपला. त्यामुळे कुणाच्या घोडचुकीबद्दल बोलताना त्याच्या सुरात कधी तुच्छता येत नाही. दुसऱ्या फेरीत आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीनं अमेरिकेच्या नाकामुराच्या एच४ वरच्या प्याद्यावर उंट घातला आणि नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका मोडली, ती रात्र तर मी विसरणार नाही. पुढे नवव्या फेरीत विदितनं त्याला पुन्हा हरवलं.

पण खरी रात्र शेवटच्या फेरीची. गुकेश साडेआठ गुणांवर. नाकामुरा, कारुआना, नेपोम्नियाची प्रत्येकी आठवर. गुकेशनं नाकामुराशी बरोबरी केली आणि आता सगळं कारुआना-नेपोम्नियाची डावावर आलं. कुणीही जिंकलं असतं तर गुकेशशी प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारे डाव. कारुआना जिंकत होता. पट्टी तेच सांगत होती, ओरडून सांगत होती. पण पहिल्या ४० खेळ्यांना १२० मिनिटं आणि ४१व्या खेळीपर्यंत खेळीमागे एक सेकंदही वाढीव मिळत नाही, हे पट्टीला ठाऊक नसतं. चाळिसाव्या खेळीच्या आसपास, घड्याळ संपत आलेलं असताना, कारुआनाच्या हातून डाव निसटू लागला. तरी तो झगडत राहिला. १०९ खेळ्या झाल्या आणि बरोबरी. दोघे पटापाशी सुन्न बसले होते, एक माफी मागत होता आणि दुसरा म्हणत होता, चूक माझीच. तिकडे गुकेश हाच डाव समालोचनासह बघत होता आणि नंतर आपला सहायक गायेव्स्कीबरोबर फिरायला बाहेर पडला, असं त्यानंच सांगितलं. म्हणजे आव्हानवीर ठरणारा मुलगाही त्या वेळी आपल्यासारखाच कान लावून बसला होता!

त्या रात्री ज्यांनी फक्त आकडा बघितला त्यांच्या लेखी कारुआनानं जिंकलेला डाव ‘घालवला’. ज्यांनी समालोचन ऐकलं त्यांना कळलं की जिंकण्याची वाट एकच होती, अरुंद होती, आणि ती शोधायला मिनिटं उरली नव्हती.

जॉर्जियातल्या बातुमीतही तेच. २८ जुलै २०२५, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी. दिव्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, २००२ मध्ये, हम्पी ग्रँडमास्टर झाली होती. पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. विजेतेपदाबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळाला, भारताची ८८वी. त्या शेवटच्या डावात पट्टी वरखाली नाचत होती आणि लोक दोघींनाही नावं ठेवत होते. दिव्यानं स्वतः जिंकल्यावर लगेच मोकळेपणानं सांगितलं की मला एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, शिकायला हवा. जिंकणाऱ्या मुलीला स्वतःच्या खेळाबद्दल एवढी नम्रता आहे. मग घरबसल्या आकडा वाचणाऱ्यांनी हम्पीला ‘संपली’ म्हणावं? मला ते वाचून फार राग आला होता आणि अजून आहे.

इंजिनशी माझं वैर नाही. डाव संपल्यावर ते लावा, जरूर लावा, त्याच्यासारखा प्रामाणिक तपासनीस नाही. माझा आक्षेप वेळेबद्दल आहे. खेळाडू विचार करत असताना आपणही विचार करायचा असतो. चुकीचा केला तरी चालेल.

आणि एक इच्छा आहे, बरीच जुनी. हे सगळं मराठीत, नियमित ऐकायला मिळावं. चेसबेस इंडियाच्या सागर शहानं आणि त्याच्या चमूनं भारतात किती लोकांना डाव बघायची गोडी लावली ते आपण बघतोच. आपल्याकडे तर जत्रेतल्या कुस्तीच्या फडात निवेदक पैलवान कुणाचा पठ्ठ्या, कुठला डाव टाकला, पट काढला की ढाक लावली, हे अशा रंगात सांगतो की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कुस्ती समजते. बुद्धिबळाला तसा आवाज का मिळू नये? प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, देशातले तिसरे. पुण्याचे अभिजित कुंटे २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय महिला संघाचे कर्णधार होते. विदित आहे, दिव्या आहे. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळासारखी जुनी संस्था आहे. एक हॉल, भिंतीवर मोठा पट, एक जाणता खेळाडू, आणि पुढच्या मोठ्या स्पर्धेची एखादी फेरी. समोर मुलं बसलेली, आता काय खेळाल असं विचारलं की हात वर करणारी. तुमच्या गावात कुणी हे करत असेल किंवा करणार असेल तर मला कळवा. मी येईन, आणि खुर्च्या लावायलाही थांबेन.