‘फोड नाहीत, मग धोका कसला?’ : निपाणीच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा. जोडीदाराला हर्पिस (संबंधातून लागणारा, गुप्तांगावर फोड आणणारा विषाणूचा आजार) असल्यास काय करावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की फोड नसताना धोका नसतो, मी उगाच घाबरवते. आणि बायकोला सांगायला लावून मी संसार मोडते. लेख काढून टाका, असंही म्हणालात.

फोडांचं आधी. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की कमरेच्या मणक्याजवळ, नसांच्या गाठीत कायमचा राहतो. तिथून अधूनमधून कातडीवर येतो, आणि पुष्कळदा फोड, खाज, आग काहीही न होता येतो. बहुतेकांना लागण होते ती अशाच, सगळं ठीक दिसणाऱ्या दिवसांत. फोड असताना लांब राहायचंच, पण तेवढ्यानं भागत नाही.

म्हणून लागण ठरलेलीच, असंही नाही बघा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,४८४ जोडपी होती, एकाला एचएसव्ही-२ (म्हणजे गुप्तांगाच्या हर्पिसचा विषाणू) आणि दुसऱ्याला नाही अशी. कंडोम वापरायला सगळ्यांनाच सांगितलं होतं. आठ महिन्यांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली. रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलॅसायक्लोव्हिर, म्हणजे हर्पिसवरची गोळी, घेणाऱ्यांच्या १.९ टक्के. कंडोमनं धोका बराच उतरतो, पुरता जात नाही, कारण आजूबाजूची कातडी उघडीच राहते. पुरुषाकडून बाईला लागण जास्त सहज होते, हेही ध्यानात ठेवा.

खानापुरात माझ्या औषध दुकानात माणसं गिऱ्हाईक ओसरायची वाट बघत थांबतात, मग हळूच हर्पिसवरचं असायक्लोव्हिरचं मलम मागतात आणि ट्यूब शर्टाच्या आत सारतात. या दुखण्याला मलमाचा गुण फारसा येत नाही, गोळ्याच लागतात. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकात, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, त्या लाल किटमध्ये फुकट मिळतात. पण तिथं जायचं म्हणजे कुणीतरी बघेल, ही धास्ती.

आता बायकोला सांगण्याचं. संसार मोडायची तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण लागण झाल्यावर पहिले फोड कित्येक वर्षांनीही उठू शकतात. नवऱ्यानं लपवलं आणि उद्या बायकोला फोड आले, तर आपल्याकडे बोट कुणाकडे जाईल? तिच्याकडेच. ‘हे कुठनं आणलंस’ म्हणून तिला माहेरी धाडतील, आणि ज्याला खरं ठाऊक आहे तो गप्प बसेल. हे मला मान्य नाही, दादा.

शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. बेळगावची सून चंदगडला, गडहिंग्लजला जाते, डॉक्टर नवे. आईला लागण जुनी असेल तर बाळाला धोका कमी असतो. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच झाली, तर मात्र बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून नवऱ्याला हर्पिस आणि बायकोला नाही, अशा जोडप्यानं त्या महिन्यांत संबंध टाळायचे, तोंडानंही नाही. कळा सुरू होताना फोड असतील तर डॉक्टर सिझेरियन करतात. तिलाच ठाऊक नसेल तर ती तिथल्या डॉक्टरांना काय सांगणार?

लेख काढत नाही. बाळंतपणाचा हा भाग त्यात राहून गेला होता, तो आजच घालते.