पाठमोरी पलटण

सकाळी आमच्या एका ग्रुपवर चित्र टाकलं. हेलेन शेर्फबेक या फिनिश चित्रकर्तीचं, १८८० सालचं, ‘बर्फातला जखमी योद्धा’. वाटलं, रोजच्या सूर्योदय-सुविचारातून जरा सुटका. तर एका गृहस्थांचं उत्तर, ‘हे असलं रडकं दाखवणं म्हणजे सैन्याचा अपमान.’ त्याखाली दुसरे, ‘बाईने काढलंय ना, तिला युद्धातलं काय कळणार!’ त्यावर अंगठेही पडले. चहा घशाखाली उतरेना, म्हणून इथे लिहितेय.

चित्रात आहे काय, तर बर्फात बर्चच्या खोडाला टेकून बसलेला एक सैनिक. एकटा. आणि मागे, लांबवर, त्याचीच पलटण निघून चाललीय. बास.

युद्ध १८०८-०९ चं. फिनलंड तेव्हा स्वीडनचा भाग होता. फेब्रुवारीत, ऐन थंडीत, रशियाचं सैन्य आत घुसलं आणि स्वीडनचं सैन्य उत्तरेकडे मागे हटत राहिलं. शेवटी स्वीडनने अख्खा फिनलंड रशियाला देऊन टाकला. आता अशा माघारीत जो चालू शकत नाही त्याचं काय होतं, हे सांगायला बाई कशाला आणि बुवा कशाला?

मला त्या चित्रातल्या पाठीच दिसतात. कॉलेजात असताना राजगडावरून तोरण्याला जाताना मधल्या डोंगरसोंडेवर माझा घोटा मुरगळला होता. अंधाराआधी पोचायचं होतं. आमचा लीडर म्हणाला, ‘तू इथेच बस, आम्ही खालून कोणाला तरी घेऊन येतो.’ बरोबरच होतं त्याचं. मी बसले. आणि मग त्या सगळ्यांच्या पाठी बघत राहिले. सॅक, टोप्या, एकाच्या सॅकला लटकणारा मग. राग नव्हता हो आला. पण पाठमोरी माणसं किती भराभर लहान होत जातात ते मी तिथे बघितलं.

हो, माहितीये, ट्रेक म्हणजे युद्ध नव्हे. माझ्यासाठी माणसं परत येणार होती आणि आलीही, वर शिव्या देत देत. त्या झाडाखालच्या माणसासाठी कोणी येणार नाहीये. एवढाच फरक, पण तोच तर सगळा फरक.

आणि काढणारी पोरगी किती वर्षांची? अठराच्या आतबाहेर. चार वर्षांची असताना जिन्यावरून पडून तिचं कंबरेचं हाड दुखावलं, जन्मभर लंगडत चालली. तेराचौदाची असताना वडील क्षयाने गेले. पुढे जाणाऱ्यांच्या पाठी तिने किती बघितल्या असतील! (प्रत्येक चित्र चित्रकाराच्या दुखण्यातूनच येतं असं नाही, मान्य. हा माझा अंदाज आहे, आणि मी तो सोडणार नाहीये.) त्या काळी युद्धाची, इतिहासाची चित्रं म्हणजे पुरुषांचं काम. हिने ते उचललं आणि सैन्यालाच मागे ढकलून दिलं. त्याच वर्षी तिला फिनलंडच्या सिनेटची, म्हणजे तिथल्या सरकारची, शिष्यवृत्ती मिळाली आणि ती पॅरिसला गेली. तेव्हाच्या लोकांना अपमान वगैरे काही दिसला नव्हता बहुतेक.

संचलनं मलाही आवडतात. सव्वीस जानेवारीला टीव्हीसमोरून हलत नाही मी, मराठा लाइट इन्फन्ट्री आली की अजून काटा येतो अंगावर. पण सोफ्यावर बसून ‘होऊनच जाऊ दे एकदाचं’ म्हणणाऱ्यांना नेहमी समोरून येणारी पलटणच दिसते. मागे बसलेला कोणाला दिसतो? तोरण्याच्या त्या सोंडेवर बसायच्या आधी मलाही नसता दिसला कदाचित.

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पहिल्या काकांचा मुलगा खरंच फौजेत आहे, त्यामुळे त्यांना ते चित्र बघवलं नसेल, हेही शक्य आहे. दुसऱ्यांना मात्र माफी नाही.

तिचंच १८८८ चं ‘आजारातून उठणारं मूल’ही शोधून बघा. चादरीत गुंडाळलेलं, विस्कटलेल्या केसांचं पोर, हातात कोवळी डहाळी. पॅरिसच्या १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात त्याला ब्राँझ पदक मिळालं. दोन्ही चित्रं हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहेत. मी फक्त स्क्रीनवर बघितलीयेत. कोणी तिकडे जाणार असाल तर आधी मला सांगा, माझं काम आहे.