बॅटरी नवी, आजार जुना

जंपर केबल कुठे ठेवली होती? डिकीत. डिकी कशी उघडते? बटणाने. बटण कशावर चालतं? बॅटरीवर. आणि बॅटरी बसलेली.

गाडी घेऊन तीन महिने झाले असतील तेव्हाची ही पहिली सकाळ. ऑफिसला निघायचं म्हणून खाली बेसमेंटमध्ये गेले, रिमोट दाबला, गाडी ढिम्म. रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली लपवलेली असते हे मला त्या दिवशी कळलं. तिने दार उघडलं, मागची सीट पाडली आणि ऑफिसच्या कपड्यांत डिकीत रांगत जाऊन केबल काढली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून स्टार्ट घेतला, संध्याकाळी घरी सगळ्यांना हा किस्सा रंगवून सांगितला. हसलो. नवीन गाडी आहे, कुठलातरी दिवा चालू राहिला असेल.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग सर्व्हिस सेंटर. तिथे बॅटरीला यंत्र लावलं, त्यातून बिलासारखी चिठ्ठी बाहेर आली, तिच्यावर ‘बॅटरी चांगली, चार्ज करा’ असं छापलेलं. चार्ज करून दिली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा फार वाद न घालता वॉरंटीत नवी कोरी बॅटरी टाकून दिली. मी खूश. नऊ आठवड्यांनी नवी कोरी बॅटरीही बसली.

आता मला खरं म्हणायचंय ते इथून सुरू होतं. चौथ्या वेळी काउंटरवरच्या मुलाने मला शांतपणे सांगितलं, “मॅडम, तुमचं रनिंग कमी आहे. गाडी रोज चालवत जा.” त्यावर जोड म्हणून, “एक पोर्टेबल जंप स्टार्टर घेऊन ठेवा, मोबाइलच्या पॉवर बँकेएवढा असतो.” घर गळतंय म्हणून तक्रार करावी आणि समोरच्याने बादली हातात द्यावी, तसं झालं. तेही अजून वास्तुशांतीची फुलं न सुकलेल्या घरात.

‘रोज चालवा’ हा सल्ला अगदीच खोटा नाही, म्हणूनच तो घातक आहे. पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारल्या तर बॅटरी पुरती भरत नाही हे खरं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी शेवटची वीस टक्के फार सावकाश घेते, आणि हल्लीच्या कित्येक गाड्यांमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी भरणारं यंत्र, मुद्दामच तिला काठोकाठ भरत नाही. पण जरा हिशोब करा. सेल्फ मारताना स्टार्टर दीडदोनशे अँपिअर ओढतो, पण किती वेळ? दोन सेकंद. म्हणजे जेमतेम ०.१ अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा मोजायचं माप). माझी बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. उभी असलेली, कुलूपबंद, झोपी गेलेली धडधाकट गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर खाते: अलार्म, रिमोटचा कान, घड्याळ वगैरे. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरसुद्धा होत नाही. अशी गाडी महिनाभर हात न लावता ठेवली तरी बॅटरी अर्धी शिल्लक असायला हवी. माझी तीन-चार दिवसांत बसत होती. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी मंगळवारी सकाळी उठत नाही, यात ‘रनिंग कमी’चा संबंध काय? गाडीला रोज फिरवून आणणं हे उपचार होऊच शकत नाहीत. ती झोपेत काय खातेय ते बघणं हा उपचार.

आणि त्या चिठ्ठीबद्दल. ते यंत्र बॅटरीची तब्येत सांगतं, जोराने करंट देण्याची तिच्यात ताकद किती उरली आहे ते. बॅटरी रिकामी का झाली, हे ते सांगू शकत नाही. खिसा फाटका नाही ना हे तपासायचं सोडून पाकीट मजबूत आहे असा दाखला द्यावा, तशातला तो कागद. तिन्ही वेळा मला तो मिळाला, तिन्ही वेळा मी तो खरा उपाय समजून फाइलला लावला. इथे चूक माझीही आहे. ‘उभी असताना गाडी किती करंट घेते, ते मोजून आकडा लिहून द्या’ हे एकच वाक्य मी पहिल्या दिवशी जॉब कार्डवर लिहायला लावायला हवं होतं. माझ्या जॉब कार्डवर ते लोक लिहीत होते ‘बॅटरी चेक’. त्यांनी बॅटरी चेक केली. जे लिहिलं ते केलं.

माझा संशय असा की बॅटरी बदलणं त्यांना सोयीचं पडतं. पंधरा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक हसत बाहेर. करंट कुठे जातोय ते शोधायला एक हुशार माणूस अर्धा दिवस गाडीपाशी बसवावा लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसाचं बिल कुणाला लावायचं हा प्रश्न उरतो. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्या हातात बॅटरी होती, वेळ नव्हता.

आमच्या घरात मात्र वेळ असलेला माणूस होता. माझे सासरे टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले. एक्सचेंजला ४८ व्होल्टवर चालवायचं तर दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले असतात, आणि त्या प्रत्येक सेलची नोंद वहीत करायची असते. बाबांनी आयुष्यभर ती वही लिहिली. चौथ्यांदा गाडी बसली तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, “अगं, पण तुझ्याकडे रीडिंग कुठे आहेत?” माझ्याकडे फक्त संताप होता.

त्यांनी मल्टिमीटर काढला. पहिली अडचण अशी की व्होल्टेज बघायला बॉनेट उघडावं लागतं, बॉनेटच्या खटक्यासाठी दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की झोपलेली गाडी टक्क जागी होते. हल्लीच्या गाड्यांना कुलूप लावल्यावर पुरतं झोपायला वीस मिनिटांपासून तासभर लागतो. त्यांच्यातले छोटे छोटे कॉम्प्युटर एकेक करून बंद होत जातात. म्हणून बाबांनी टर्मिनलपासून दोन बारीक वायरी काढल्या, पॉझिटिव्हच्या वायरीत बॅटरीलगतच छोटा फ्यूज टाकला आणि टोकं टेप लावून वायपरपाशी बाहेर आणून ठेवली. आता गाडीला न उठवता तिची नाडी बघता येत होती. रिमोटही चौथ्या मजल्यावर घरात. बिनकिल्लीच्या गाडीजवळ रिमोट राहिला तर ती अर्धवट जागीच राहते.

थेट करंट मोजावा म्हणून मी हट्ट धरला होता. तोही प्रयोग झाला. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मधे मीटर लावला तर २५ मिलिअँपिअर. अगदी निरोगी. मी हताश. बाबा म्हणाले, “टर्मिनल काढलंस तिथेच सगळं रीसेट झालं. तापाच्या रोग्याला आधी बर्फात बसवलंस, मग थर्मामीटर लावलास.” टर्मिनल सुटलं की अडकून बसलेला कॉम्प्युटरही नव्याने सुरू होतो आणि शहाण्यासारखा झोपी जातो. त्यामुळे आम्ही परत वायपरपाशी आलो. रोज सकाळी सात, रोज रात्री नऊ.

ही वही माझ्यासमोर आहे. बेसमेंटमधली नोंद: पहिल्या रात्री १२.६२ व्होल्ट, पुढे एकेका दिवसाने १२.४५, १२.२४, ११.९८. ज्यांना हे आकडे नवे आहेत त्यांच्यासाठी: उभ्या गाडीत १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली की काळजी. दिवसाला वीस टक्के जात होते, म्हणजे सतत ०.४ अँपिअरच्या आसपास. हा झोपलेल्या गाडीचा खुराक नव्हे.

मग एका शनिवारी पाहुण्यांची गाडी आत घ्यायची म्हणून आमची वर, उघड्यावर लावली. तिथे ती चार दिवस राहिली. १२.६२, १२.६०, १२.५९, १२.५८.

ते चार आकडे बघून बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. गाडी तीच, बॅटरी तीच, कुलूप तेच. फक्त जागा वेगळी. खाली नाही आणि वर आहे असं काय? मोबाइलची रेंज.

गाडीत एक सिमकार्ड आहे. त्याच्या जोरावर फोनमधल्या अ‍ॅपवर गाडी कुठे आहे, दारं लॉक आहेत का, हे दिसतं. विकताना याच गोष्टीवर दहा मिनिटं बोलले होते. त्या सिमकार्डाचं मॉड्यूल बेसमेंटमध्ये नेटवर्क शोधत राहायचं, मिळायचं नाही, पुन्हा शोधायचं, आणि स्वतः झोपत नाही ते नाहीच, सोबतच्या दोघा-चौघांनाही झोपू द्यायचं नाही. सर्व्हिस सेंटरचं आवार मोकळं, रेंज भरपूर. म्हणून तिथे दोन-दोन रात्री ठेवूनही गाडी गुणी मुलासारखी वागायची. यावरचा कळस म्हणजे मी स्वतः. बॅटरी ठीक आहे ना या काळजीने मी गाडी वर असली की दिवसातून पाच-सहा वेळा अ‍ॅप उघडत होते, आणि दर वेळी माहिती देण्यासाठी गाडी बिचारी उठून बसत होती. आजाऱ्याला हलवून हलवून विचारायचं, झोप लागली का?

वही घेऊन गेलो. या वेळी काउंटरच्या मागून वर्कशॉपचा प्रमुख बाहेर आला. त्याने पानं उलटली, बाबांशी दहा मिनिटं त्यांच्या भाषेत बोलला, आणि जॉब कार्डवर पहिल्यांदा आमचं वाक्य आमच्या शब्दांत उतरलं: ‘रेंज नसलेल्या जागी गाडी झोपत नाही.’ त्या मॉड्यूलचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. त्यानंतर बेसमेंटमधल्या दोन आठवड्यांच्या नोंदी वरच्यासारख्याच सपाट आहेत. म्हणजे नवी बॅटरी, चिठ्ठ्या, माझ्या चार रजा, सगळं त्या मॉड्यूलच्या निद्रानाशापायी.

“इलेक्ट्रिक घेतली असतीस तर ही कटकटच नव्हती,” असं मला तिघांनी तरी सांगितलं. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा बहुधा एक १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले तिच्याच जोरावर खटकन लागतात. ती बसली तर पोटात शेकडो किलोमीटरचा साठा असूनही गाडी उभीच. आणि धक्का मारून सुरू करायचा मार्ग माझ्या ऑटोमॅटिकलाही नाहीच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला तेव्हा लोकांचे हात इंजिन फिरवायच्या हँडलच्या उलट्या झटक्यातून सुटले. ठीकच झालं. पण हँडल होतं तोवर गाडीला जाग आणायची सोय आपल्या हातात तरी होती.

प्रकरण संपलेलं नाही. दुसरी बॅटरी पाठोपाठ दोनदा पार तळाला गेली आहे. सेल्फ मारायच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात, क्षणभर जोर लावण्यासाठी बनवलेल्या. ती रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात, ते पुन्हा पुरते विरघळत नाहीत, आणि तेवढी जागा कायमची जाते. माझं म्हणणं, दोष तुमच्या मॉड्यूलचा होता, तर त्याने खाल्लेली बॅटरीही तुम्हीच द्या. त्यांचं म्हणणं, यंत्रावर बॅटरी पास आहे. पुन्हा तीच चिठ्ठी. लेखी अर्ज दिला आहे, सोबत वहीच्या अकरा पानांच्या झेरॉक्स. त्यात पहिल्या बॅटरीवरच्या तारखेचाही उल्लेख आहे: गाडी माझ्या ताब्यात येण्याच्या पाच महिने आधीची. ते पाच महिने ती कुठल्या आवारात किती वेळा उतरली याचा कागद कुणाकडेच नाही. डिलिव्हरीच्या दिवशी आपण हार घालतो, फोटो काढतो, बॅटरीवरची तारीख कोण बघतं?

तेवढ्यात एक सांगून ठेवते, कारण शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी उलटं केलं होतं. जंप देताना काळी केबल बसलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावू नका, इंजिनच्या किंवा बॉडीच्या बिनरंगाच्या धातूला लावा. एक तर ठिणगी बॅटरीच्या वायूपासून लांब पडते, आणि दुसरं म्हणजे कित्येक नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर मोजणी करणारा सेन्सर असतो, त्याला वळसा पडला की त्याचा हिशोब चुकतो. आणि स्टार्ट झाल्यावर अर्धा तास फिरवली की बॅटरी भरली, असं समजू नका. पार उतरलेली बॅटरी भरायला चार्जरवर कित्येक तास लागतात. मी दोनदा त्या अर्ध्या तासावर विसंबले.

बाबा अजून सकाळी सातला खाली जातात. आज १२.६१. वायपरपाशी आलेल्या त्या दोन वायरी काढायला ते तयार नाहीत. अ‍ॅप मी फोनमधून काढून टाकलं. आणि जंपर केबल आता ड्रायव्हरच्या सीटखाली असते.