मतदार कसे निवडावेत

अभिनंदन. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधिमंडळात तुमच्या पक्षाला बहुमत मिळालं आहे. या बहुमतात दोष एकच, ते लोकांनी दिलेलं आहे. आणि लोकांचं काही सांगता येत नाही, पुढच्या खेपेला काढूनही घेतील. तेव्हा त्यांनी तुम्हाला निवडण्याआधी तुम्हीच त्यांना निवडून घ्या. भारतात मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग आखतो, त्याच्या अध्यक्षपदी न्यायमूर्ती असतात आणि खासदार-आमदारांना तिथे मतही नसतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र ही पेन्सिल विधिमंडळाच्याच हातात असते. आपला हात जगन्नाथ.

शून्यावर संपणाऱ्या वर्षाची निवडणूक कधीही हलक्यात घेऊ नका. त्या वर्षी जनगणना होते, पुढच्या वर्षी आकडे हाती येतात आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहातल्या ४३५ जागांच्या सीमा नव्यानं आखल्या जातात. त्या वेळी विधिमंडळ ज्याचं, पुढची दहा वर्षं त्याची. रिपब्लिकन पक्षानं हे २०१० साली नेमकं हेरलं. ‘रेडमॅप’ नावाची मोहीम काढून त्यांनी सुमारे तीन कोटी डॉलर राज्य विधिमंडळांच्या अशा लढतींत ओतले, ज्यांतल्या उमेदवारांची नावं शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतात. एका चुरशीच्या सिनेट लढतीत याहून जास्त पैसा उडतो. डेमोक्रॅट त्या वेळी व्हाइट हाउस आपलंच आहे या आनंदात होते.

नकाशा विधानभवनात बसून आखू नका. विस्कॉन्सिनात २०११ साली तो मॅडिसनच्या विधानभवनासमोरच्या एका वकिली फर्मच्या कचेरीत तयार झाला. रिपब्लिकन आमदारानं तिथं जायचं, गुप्ततेच्या कागदावर सही करायची आणि आपला मतदारसंघ बघून गप्प घरी यायचं. फळ २०१८ साली पाहा. विधानसभेसाठी राज्यभरात डेमोक्रॅटांना सुमारे ५३ टक्के मतं पडली आणि ९९ पैकी ६३ जागा रिपब्लिकनांना मिळाल्या.

साहित्य फार लागत नाही. मॅप्टिट्यूडसारखं सॉफ्टवेअर, जनगणनेचे ब्लॉकनिहाय आकडे (शहरात ब्लॉक म्हणजे साधारण चार रस्त्यांमधला तुकडा) आणि मागच्या निवडणुकांचे केंद्रनिहाय निकाल. एकाच निवडणुकीवर विसंबू नका, एखाद्या वर्षी उमेदवारच टाकाऊ असतो. अध्यक्ष, गव्हर्नर, सिनेट अशा अनेक राज्यव्यापी लढतींची सरासरी काढा. लोकसंख्या मात्र काट्यावर तोलून सारखी ठेवा, त्या बाबतीत न्यायालयं फार कडक आहेत. पेन्सिल्व्हेनियाचा काँग्रेसचा नकाशा २००२ साली अवघ्या १९ माणसांच्या फरकावरून फेटाळला गेला होता. एकोणीस माणसं इकडची तिकडे झाली तर समतेचा भंग होतो. लाखो मतं निकामी झाली तर त्याला राजकारण म्हणतात.

आता मुख्य कृती. सोयीच्या सीमा आखण्याच्या या कलेला जेरीमँडरिंग म्हणतात. तिच्यात क्रिया दोनच, कोंबणे आणि फोडणे. समजा राज्यात ५० लाख मतदार आणि पाच जागा आहेत. तुमचे मतदार २४ लाख, समोरच्यांचे २६ लाख, म्हणजे सरळ रेषा मारली तर तुम्ही हरता. म्हणून आधी एका मतदारसंघात समोरच्यांचे ९ लाख कोंबा, तोंडी लावायला आपला १ लाख ठेवा. ती जागा त्यांना आनंदानं देऊन टाका. उरले त्यांचे १७ लाख आणि तुमचे २३. ते चार मतदारसंघांत सारखे फोडा. प्रत्येक ठिकाणी तुमचे पावणेसहा लाख, त्यांचे सव्वाचार. अल्पमतात राहून पाचांपैकी चार जागा, आणि एकही मत चोरलेलं नाही. शिवाय कोंबलेल्या जागेवरचा विरोधी खासदार नव्वद टक्क्यांनी निवडून येतो, त्यामुळे तोही फारशी तक्रार करत नाही.

फोडण्यासाठी शहरं उत्तम. टेनेसीत २०२२ साली नॅशव्हिल तीन तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकडा आसपासच्या ग्रामीण भागाला जोडला. तिथले जुने डेमोक्रॅट खासदार जिम कूपर यांनी नकाशा पाहूनच निवृत्ती घेतली, प्रचाराचा खर्च वाचला. युटात सॉल्ट लेक परगण्याचे चार भाग केले. नॉर्थ कॅरोलिनात २०१६ साली ग्रीन्सबरोमधल्या एका ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या आवारातूनच सीमा काढली, म्हणजे वसतिगृह एका खासदाराकडे आणि वर्ग दुसऱ्याकडे.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे. चार जागा मिळतात म्हटल्यावर, मतं थोडी जास्त असली तर, पाचवीही हवीशी वाटते, मग सगळीकडे ५२–४८ अशी पातळ आघाडी पसरली जाते. वारं तीन टक्के फिरलं की एकाच रात्री सगळं जातं. टेक्ससमध्ये डॅलसच्या उपनगरांत २०१८ साली रिपब्लिकनांच्या विधानसभेच्या अनेक जागा अशाच गेल्या. २०११ साली तिथं जे लोक राहत होते, ते सात वर्षांनी तिथं राहत नव्हते. अति तिथे माती. प्रत्येक जागेत सात-आठ टक्क्यांचं अंतर ठेवा, पाचवीचा मोह सोडा.

तुरुंगांना विसरू नका. जनगणनेत कैदी त्याच्या घरच्या पत्त्यावर धरत नाहीत, तुरुंगाच्या पत्त्यावर धरतात. आणि मेन व व्हर्माँट सोडले तर गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या जवळपास कुठल्याही कैद्याला मत नाही. म्हणजे शहरातली माणसं मोजायला तुमच्या ग्रामीण मतदारसंघात येतात, मत द्यायला येत नाहीत. याहून गुणी रहिवासी कुठे मिळणार? आयोवातल्या अनामोसा गावी एका प्रभागाची जवळजवळ सगळी लोकसंख्या तुरुंगात होती. तिथून एक जण दोन मतांवर नगरसेवक झाला.

यानंतर खटला होईल. तो होणारच, घाबरू नका, फक्त शब्द जपून वापरा. वंश हा शब्द वर्ज्य, त्यावरून न्यायालय नकाशा अडवू शकतं. पक्ष हा शब्द कितीही वेळा आणि कितीही मोठ्यानं. नॉर्थ कॅरोलिनातले रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुईस यांनी समितीतच सांगून टाकलं होतं की नकाशा १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट असा आखू, कारण ११ आणि २ असा आखणं शक्य दिसत नाही. त्या वर्षी निकाल बरोबर १०–३ लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ साली सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ५ विरुद्ध ४ अशा बहुमतानं निवाडा दिला. फाजील पक्षपातातून अन्याय्य वाटणारे निकाल निघतात हे खरं, पण हा राजकीय प्रश्न आहे, फेडरल न्यायालयांचा नाही. म्हणजे तक्रार कुणाकडे करायची? ज्यांनी नकाशा आखला त्यांच्याकडे.

दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्येनं डेमोक्रॅटांना मत देतात, त्यामुळे तुम्ही त्यांना वंशावरून हलवलंत की पक्षावरून, हे नकाशावर दिसत नाही. साउथ कॅरोलिनाच्या खटल्यात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं ६–३ असं ठरवलं की विधिमंडळाचा हेतू शुद्ध होता असं गृहीत धरायचं. वेगळं काही म्हणायचं असेल तर तक्रारदारानं सिद्ध करावं. तुम्ही फक्त लेखी काही ठेवू नका. टेक्ससनं २०२५ साली काय केलं पाहा. पाच जागा वाढवायच्या म्हणून दशकाच्या मध्येच नकाशा काढला, हेतू स्वच्छ पक्षीय, आणि तेवढ्यात आपल्याच सरकारच्या न्याय खात्यानं पत्र पाठवलं, त्यात मतदारसंघांच्या वांशिक रचनेची चर्चा! हात दाखवून अवलक्षण. ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशानं नोव्हेंबरमध्ये त्या पत्रावर बोट ठेवून नकाशा अडवला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वापरायला मोकळीक दिली म्हणून निभावलं.

निभावलं ते कसं, हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या विद्येचं मर्म तिथे आहे. निवडणूक जवळ आली की फेडरल न्यायालयांनी नियम बदलू नयेत, मतदार गोंधळतात, असं तत्त्व २००६ च्या पर्सेल खटल्यापासून रूढ आहे. तेव्हा नकाशा उशिरा काढा, कागदपत्रं उशिरा द्या, अपील उशिरा करा. ओहायोनं या कलेची उंची गाठली. तिथल्या लोकांनी २०१५ आणि २०१८ साली घटनादुरुस्ती करून जेरीमँडरिंगला लगाम घातला होता. २०२२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकामागून एक असे सात नकाशे घटनाबाह्य ठरवले. त्यात मुख्य न्यायमूर्ती मोरीन ओ’कॉनर स्वतः रिपब्लिकन. नकाशा आखणाऱ्या राजकारण्यांच्या आयोगानं दरवेळी जवळपास तोच नकाशा पुन्हा पाठवला. कॅलेंडर संपलं आणि निवडणूक घटनाबाह्य नकाशावर झाली. ओ’कॉनर वर्षअखेर निवृत्त झाल्या.

लोक चिडून जनमताचा कौल घेतील, तोही हाताळता येतो. मिसूरीत २०१८ साली ६२ टक्क्यांनी सुधारणा मंजूर केली. दोन वर्षांनी विधिमंडळानं ती उलटवणारा प्रस्ताव मतदानाला ठेवला, पण मतपत्रिकेवर वरच लिहिलं की आमदारांना लॉबीवाल्यांकडून भेटवस्तू घ्यायला बंदी. ती मर्यादा आधीच ५ डॉलर होती, ती शून्य केली. पाच डॉलरमध्ये नकाशा परत आला. ओहायोत २०२४ साली ओ’कॉनरबाईंनीच पुढाकार घेऊन स्वतंत्र नागरिक आयोगाचा प्रस्ताव आणला, तर मतपत्रिकेवरचा सारांश लिहिणाऱ्या मंडळानं लिहिलं की या प्रस्तावानं जेरीमँडरिंग करणं बंधनकारक होईल. प्रस्ताव पडला.

इतकं करूनही काही मतदार येतातच. त्यांच्यासाठी किरकोळ कामं आहेत. ओहायोत दोन वर्षं मत दिलं नाही की घरी एक पत्र येतं. त्याला उत्तर नाही आणि पुढची चार वर्षंही मत नाही, तर नाव यादीतून बाद. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे वैध ठरवलं. सुंठीवाचून खोकला गेला. टेक्ससच्या २०११ च्या कायद्यात पिस्तुलाचा परवाना ओळखपत्र म्हणून चाले, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नसे. कॅन्ससमधल्या डॉज सिटीचं एकुलतं एक मतदान केंद्र २०१८ साली शहराच्या हद्दीबाहेर नेलं, सगळ्यात जवळच्या बसथांब्यापासून सुमारे मैलभर. गावात बहुसंख्य लोक हिस्पॅनिक. जॉर्जियात २०२१ पासून रांगेतल्या मतदाराला तहान लागली म्हणून पाण्याची बाटली देणारा स्वयंसेवक गुन्हेगार ठरू शकतो. रांग लांब का होते, हा प्रश्न त्या कायद्यात नाही. मतदान मंगळवारी, कामाच्या दिवशी, हे १८४५ पासून आयतंच मिळालेलं आहे.

फ्लोरिडाचं तेवढं स्वतंत्र सांगायला हवं. २०१८ साली सुमारे ६५ टक्के मतदारांनी शिक्षा भोगून झालेल्यांना मताचा हक्क परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं अट घातली की आधी दंड आणि कोर्टाची फी चुकती करा. कुणाकडे किती बाकी आहे ते एका जागी सांगणारी नोंद राज्याकडे नव्हती. २०२२ साली चुकून मत दिलेल्या काहींना पोलिसांनी पकडलं. त्यांतल्या अनेकांना मतदार कार्ड सरकारी कार्यालयानंच पाठवलं होतं. आता हक्क आहे की नाही अशी ज्याला शंका आहे, तो घरीच बसतो.

कुणी म्हणेल, डेमोक्रॅट काय सोवळे आहेत? नाहीत. मेरीलंडच्या त्यांच्या एका मतदारसंघाला न्यायाधीशानं पंख मोडून आडव्या पडलेल्या टेरोडॅक्टिल या नामशेष उडत्या प्राण्याची उपमा दिली होती. टेक्ससचे डेमोक्रॅट आमदार ऑगस्ट २०२५ मध्ये गणपूर्ती मोडायला राज्य सोडून पळाले, तेही कुठे, तर इलिनॉयला, जिथला नकाशा त्यांच्याच पक्षानं बेशरमपणे कोरला आहे. कॅलिफोर्नियानं त्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला सारून टेक्ससला उत्तर दिलं, फरक इतकाच की आधी मतदारांना विचारलं. हे सगळं वादविवादात जरूर वापरा. फक्त २०२१ च्या विधेयकाची आठवण कुणी काढली तर विषय बदला. काँग्रेसच्या नकाशांसाठी देशभर स्वतंत्र आयोग सक्तीचे करणारं ते विधेयक प्रतिनिधिगृहात एकाही रिपब्लिकन मताशिवाय मंजूर झालं आणि सिनेटमध्ये ५०–५० वर अडकलं.

राहिली एक धोक्याची सूचना. मतदारसंघ इतका सुरक्षित झाला की समोरचा पक्ष उमेदवारही देत नाही. मग खरी निवडणूक तुमच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात होते, तिथे मोजके आणि सगळ्यात कडवे लोक येतात आणि तुम्ही त्यांना मवाळ वाटू लागता. नकाशा आखतानाच याची सोय करा. काँग्रेससाठी राज्यघटनेत त्याच मतदारसंघात राहण्याची अट नाही, पण राज्य विधिमंडळासाठी ती बहुतेक ठिकाणी असते. तेव्हा तुमच्या जागेवर डोळा असलेला स्वपक्षीय तरुण कुठल्या गल्लीत राहतो ते आधी शोधा, आणि तेवढा एक ब्लॉक शेजारच्या मतदारसंघात टाका.